कढई कुणाची होती

फाल्गुन लागला की आमच्या शिरड शहापुराच्या वाऱ्याला कच्च्या हळदीचा वास येतो. डब्यातल्या हळदीचा वास वेगळा. तो वाळलेला, शहाणा, स्वयंपाकघरात राहून राहून घरचा झालेला. हा वास ओला असतो, मातीत भिजलेला, थोडा कडवट. रानात कढई पेटली आणि वाफ निघायला लागली की तो डोळ्यांतसुद्धा उतरतो. मी हिंगोलीला पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवते आणि शनिवारी दुपारच्या बसनं गावी येते. औंढा मागं पडलं की खिडकीत बसल्या बसल्या कळतं, कुणाच्या रानात आज काढणी आहे आणि कुणाची शिजते आहे.

"हळद शिजून राहिली," शेजारचा म्हातारा परवा बसमध्ये स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं समाधानानं नाक वर केलं.

मी मान हलवली. मलाही हा वास फार आवडायचा. लहानपणी या दिवसांत शाळेतून आले की मी दप्तरासकट रानात पळायची. आता तो वास आला की मला एक मुलगी आठवते. तिचे पिवळेजर्द झालेले तळहात आठवतात, आणि पुढं तिनं तीन माणसांसमोर खुर्चीत बसून उच्चारलेलं एक वाक्य. हंगाम दरवर्षी येतो. वाक्यही त्याच्याबरोबर येतं.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. पत्ता लिहिताना हात सवयीनं परभणीकडं जायचा, मग खोडायचं. मी दूरच्या एका शहरात, इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होते. आमच्या गल्लीतून इतकं शिकायला बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. वर्गात मुली दोनच: मी आणि मीनल. मीनल त्याच शहरातली, वकिलाची मुलगी. तिचं इंग्रजी ऐकत राहावं असं. मी तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य तीनदा फिरवून बघायची. ती बोलता बोलता विचार करायची. पहिल्या आठवड्यात मी एकटीच डबा खात बसले होते, तर ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुझ्या डब्यात काय आहे? माझ्याकडे नेहमीचीच भेंडी." तेवढ्यावर मी तिची झाले. त्या वयात आणि त्या परक्या शहरात तेवढं पुरे होतं.

आमचा विषय होता मेमरी. विद्यार्थ्यांना मी आजही हेच पहिल्यांदा सांगते: कॉम्प्युटरात गणित करणारा भाग वेगळा आणि आकडे साठवणारा भाग वेगळा. गणित करणारा, म्हणजे प्रोसेसर, वर्षागणिक वेगवान होत गेला. आकडे साठवणारी मेमरी मोठी झाली, पण चपळ झाली नाही. त्यामुळं प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. आकडे तिकडून इकडं यायचे, त्यांची बेरीज व्हायची, आणि उत्तर पुन्हा तिकडं जायचं. खरं काम थोडं, ये-जाच फार. माझ्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट घर करून बसली होती. मेमरीच्याच चिपमध्ये, आकड्यांच्या ओळींच्या अगदी शेजारी, बेरीज आणि तुलना करण्यापुरती छोटी छोटी यंत्रणा बसवली तर? मग हजारो आकडे उचलून आणायचेच नाहीत. मेमरीलाच विचारायचं, तुझ्याकडच्या या आकड्यांची बेरीज किती, आणि तिनं फक्त उत्तर पाठवायचं.

जगात इतर ठिकाणीही लोक असा विचार करत होते, हे मला लायब्ररीतल्या शिळ्या नियतकालिकांतून ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात होती ती रचना माझी होती. आमच्या मार्गदर्शक सरांना मी ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आधी दाखव चालते का, मग बोलू."

ती चालते का हे पाहायला मी एक सिम्युलेटर लिहायला घेतला. सिम्युलेटर म्हणजे कागदावरच्या यंत्राची कॉम्प्युटरच्या आत चालणारी नक्कल. तो निम्मा झाला आणि कॉलेजच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. प्रयोगशाळेला कुलूप, मेस बंद. मी गावी जायचं ठरवलं. माझ्या खोलीत जुने भाग जोडून केलेला एक कॉम्प्युटर होता, तो बरोबर न्यायचा होता. मीनल म्हणाली, "एवढं ओझं एकटी कशी नेशील? मी येते."

"हळदीचे दिवस आहेत गं. घरात कुणी बसून बोलायलाही मिळणार नाही."

"मग मीही हळद काढते. त्यात काय!"

शिवरात्रीच्या यात्रेची गर्दी अजून ओसरली नव्हती. औंढ्याच्या स्टँडवर आम्ही मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि कॅबिनेट पोत्यात घालून दोघींच्या पायांमध्ये धरलं होतं. प्रसादाच्या पिशव्या घेतलेल्या एका बाईनं गोधडीचं टोक उचलून आत पाहिलं.

"टीव्ही नेऊन राहिल्या का पोरींनो?"

"व्हय मावशी," मी म्हणाले.

"मोठा हाय की. रंगीत का?"

मीनल इतकी हसली की मॉनिटर तिच्या मांडीवर हलायला लागला. बसमध्ये ती उभ्यानंच आली, कॅबिनेटला गुडघ्याचा आधार देऊन. तिचं ते उभं राहणं मला अजून विसरता येत नाही, आणि इथंच माझी अडचण होते. ती वाईट मुलगी असती तर बरं झालं असतं.

आमचं घर म्हणजे पुढं पत्र्याची एक खोली, मागं स्वयंपाक, अंगणात लिंब. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मीनल आत आली, तसबिरीकडं क्षणभर पाहिलं, मग खाली बसली आणि मायला म्हणाली, "काकू, पाणी द्या ना." मायच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं. वर्गातल्या मैत्रिणी घरी येतात म्हणजे काय होऊ शकतं, याचे मायचे स्वतःचे काही जुने अनुभव होते. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. त्या दिवसापासून मात्र "मिनल जेवली का?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा.

दादा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी पूर्णवेळ शेतकरी. हळद हे त्यांचं वेड. पाला कापून झाला होता आणि बायका कुदळींनी कंद उपटत होत्या. गड्ड्यांची माती झटकायची, मुळ्या तोडायच्या, मोठे गड्डे एकीकडं, बोटांएवढी हळकुंडं दुसरीकडं. मीनल पहिल्या दिवशीच बायकांच्या रांगेत बसली. दुपारपर्यंत तिचे तळहात पिवळे झाले.

"काकू, हे जाईल ना?"

"जाईल की. लग्नाच्या हळदीवानी राहतंय चार-दोन दिस. कोणी पुसलं तर सांग, ठरलं म्हून."

बायका खदखदून हसल्या. मीनलनं लाजून हात ओढणीत लपवले. मग ओढणीही पिवळी झाली.

विजेचा काही भरवसा नसायचा. शेतीपंपांसाठी ती दुपारी यायची, आणि पंपांची घरघर सुरू झाली की आम्ही दोघी हात धुऊन घराकडं धावायचो. मी कॉम्प्युटर चालू करायची, मीनल शेजारी बसून आकडे उतरवून घ्यायची. रचना चालत होती. आकडे जितके विखुरलेले, तितका फायदा जास्त. फक्त एक गोष्ट पिच्छा सोडत नव्हती. मधूनच उत्तर चुकायचं. चार दिवस मी त्या चुकीच्या मागं होते. भाकरी थापतानाही माझ्या डोक्यात तेच.

कारण सापडलं ते हळकुंडं निवडता निवडता. प्रोसेसर आपल्या सोयीसाठी काही आकड्यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. इकडं मेमरीनं आपला आकडा बदलला, तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. तो जवळच्या जुन्या प्रतीवर विसंबून पुढचं गणित करत राहतो. मी तशीच उठले, मातीच्या हातांनी घरी आले, आणि वीज यायची वाट बघत कागदावर उपाय मांडला. प्रत्येक ओळीला एक खूण द्यायची. मेमरीनं त्या ओळीला हात लावला की खूण बदलणार, आणि प्रोसेसरकडची जुनी प्रत तिथंच बाद. दुपारी वीज आली. आम्ही दोघींनी श्वास रोखून पाहिलं. उत्तर बरोबर आलं. पुन्हा चालवलं, पुन्हा बरोबर. मीनलनं मला मिठी मारली आणि माझ्या पाठीवर तिच्या हातांचे पिवळे ठसे उमटले.

"सुजाता, तुला कळतंय का तू काय केलंस?"

कळत होतं. पण तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटत होतं.

कढईची गोष्ट त्याच आठवड्यातली. आमची कढई दरवर्षी विहिरीजवळच्या चुलाणावर चढायची आणि खालच्या रानातला सगळा माल बैलगाडीतून तिथं यायचा. त्या वर्षी शेजाऱ्यानं बांध फोडून गाडीवाट नांगरली होती. माल डोक्यावर वाहून आणायला बायका वैतागल्या. दादा कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"एवढा माल तिकडं न्यायचा काहून? कढईच इकडं आणू. पाण्याचा पाईप लांबवता येतो."

चार गड्यांनी बांबूला अडकवून ती भली मोठी लोखंडी कढई खालच्या रानात आणली. तिथंच चर खणला, पऱ्हाटी आणि तुराट्या पेटवल्या. मीनल बांधावर उभी होती. तिनं एकदम टाळी वाजवली.

"सुजाता! अगं, हे तर तुझंच झालं! माल जागेवर, चूलच मालाकडं!"

मी हसले. माझी रचना त्याच्या कितीतरी आधीची होती, तिला कढईनं जन्म दिला नव्हता. पण समजावून सांगायला याच्याइतकी सोपी गोष्ट नव्हती. सरांसमोर बोलायचं तेव्हा सुरुवात अशीच करायची, असं आम्ही दोघींनी तिथंच, वाफेत उभं राहून ठरवलं. दादांना विचारलंसुद्धा.

"माझ्या कढईचं नाव कॉलेजात घेणार?" दादा म्हणाले. "घ्या बापा. फक्त शेजाऱ्यानं वाट मोडली ते सांगू नका."

संप मिटला. जाताना मायनं मीनलच्या पिशवीत हळद घातली, नवी, अजून न दळलेली. मीनल वाकून तिच्या पाया पडली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगता येतं, कारण ते माझ्या नकळत होत होतं. मी सरांना सगळं दाखवलं. ते बराच वेळ कागद चाळत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण कच्चं आहे." त्यांनी मला प्रयोगशाळेत एका बोर्डावर तीच रचना प्रत्यक्ष तारांत उतरवायच्या कामाला लावलं आणि मीनलला लिहिण्याच्या. तिचं इंग्रजी चांगलं, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. बोर्ड हट्टी होता. पावसाळा त्याच्यावर गेला, दिवाळी गेली. मीनल हळूहळू कमी भेटायला लागली. अमेरिकेला अर्ज करते आहे, धावपळ आहे, म्हणायची.

त्या हिवाळ्यात आमच्याच कॉलेजात परिषद भरली. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते. सरांचं भाषण होतं आणि मला काम दिलं होतं प्रोजेक्टरजवळ बसून पारदर्शक फिल्मा एकामागून एक काचेवर ठेवायचं. गठ्ठा मला आयत्या वेळी हातात मिळाला. सरांनी खूण केली की मी फिल्म बदलायची.

सरांनी सुरुवात केली. इंग्रजीत, हसत. ते म्हणाले, मी एकदा मराठवाड्यातल्या एका खेड्यात होतो. हळद शिजवायचे दिवस होते. एक शेतकरी आपला माल कढईपर्यंत वाहून नेण्याऐवजी कढईच मालापर्यंत घेऊन आला. आणि मित्रांनो, बांधावर उभं असताना मला हे सुचलं.

सभागृह कौतुकानं हसलं.

सर आमच्या गावाला कधी आले नव्हते. हळद जमिनीच्या वर लागते की खाली, हे तरी त्यांना माहीत असेल का, कुणास ठाऊक. माझे दादा त्या इंग्रजी वाक्यात "एक शेतकरी" होऊन उभे होते, नाव नाही, गाव नाही. सरांनी खूण केली. मी पुढची फिल्म ठेवली. पडद्यावर माझा आलेख उमटला. त्यात एका जागी रेघ खाली वाकली होती. त्या दिवशी मध्येच वीज गेली होती, तिथला आकडा पुन्हा काढायचा म्हणून मी ठेवला होता आणि राहून गेला होता. तो खड्डा तसाच्या तसा पडद्यावर होता. सरांनी पुन्हा खूण केली. मी फिल्म बदलत राहिले. शेवटची फिल्म नावांची होती. वर सरांचं नाव, खाली मीनलचं. ती मीच काचेवर ठेवली, सरळ करून ठेवली, आणि टाळ्या संपेपर्यंत तिच्याकडं पाहत बसले.

बाहेरच्या व्हरांड्यात मी मीनलला गाठलं.

"माझं नाव?"

"सर म्हणाले, पुढच्या पेपरमध्ये घेऊ. दोघींची एकदम नको म्हणाले." ती माझ्याकडं बघत नव्हती. "मला त्यांचं शिफारसपत्र हवंय गं. तुला माहितीये."

"आणि कढई? ती तरी आमची आहे हे सांगायचं होतंस त्यांना."

"कढई काय, कुणाचीही असू शकते, सुजाता."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. समजूत घालावी तसं म्हटलं. ते अजून माझ्या अंगावर येतं.

मी प्राचार्यांकडं तक्रार केली. तीन प्राध्यापकांची समिती बसली. सरांनी सांगितलं, की काम त्यांचं आणि मीनलचं, माझं साहाय्य होतं. आमच्या दोघींच्या फ्लॉप्यांवर त्याच फाइली होत्या. गावाहून निघताना मीच तिला उतरवून दिल्या होत्या. त्यातलं आधी काय आणि कुणाचं काय, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. म्हणून मी सांगितलं, मीनलला विचारा. ती खोटं बोलणार नाही. असं मी म्हणाले, तीन माणसांसमोर, ठामपणे.

मीनलला बोलावलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. ओढणीच्या टोकाशी बोटं चाळवत होती.

"तुम्ही दोघी हिच्या गावी गेला होतात?"

"हो सर."

"तिथं या रचनेवर काम झालं? ते हिनं केलं?"

मीनलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हळदीची गडबड होती सर. कशावर काय बोललो... मला आठवत नाही."

"काहीच नाही?"

"नीट आठवत नाही."

समितीतले एक जण मला म्हणाले, तिथं वीज तरी असते का? मी म्हणाले, दुपारी असते. ते हसले. दुसऱ्यांनी फाइल मिटता मिटता विचारलं, "तुम्हाला सरकारी शिष्यवृत्ती मिळते ना? मग अडचण काय आहे?" अडचण काय आहे हे मी त्या खोलीत सांगू शकले नाही. त्यासाठीचं वाक्य मनात तीनदा फिरवूनही जुळलं नाही.

दादा त्या दिवशी आले होते. मी नको म्हटलं होतं, तरी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाहेरच्या बाकावर बसले होते. मीनल माझ्या आधी बाहेर पडली. मी दारातून पाहिलं, तिला बघून दादा उठून उभे राहिले, चेहरा उजळला.

"कशी हायस बेटा? माय लई याद करती तुझी. म्हणती, मिनलला घेऊनच या."

"बरी आहे काका," ती म्हणाली आणि भरभर जिना उतरून गेली.

"घाईत दिसती," दादा मला म्हणाले.

बसमध्ये बसल्यावर मी त्यांना सांगितलं. ती काय बोलली तेवढंच सांगितलं, शब्दाला शब्द. परभणी गेलं, औंढ्याचा कळस दिसायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "आपल्या घरी जेवली ती." त्यांनी कधी कुणाबद्दल असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरी जेवणं ही गोष्ट दादांच्या लेखी किती मोठी होती, हे मला त्या एका वाक्यात कळलं. आणि आपण कशावर एवढा विश्वास टाकला होता, तेही.

सगळं गैरसमजातून झालं, असा निष्कर्ष निघाला. मला दुसरे मार्गदर्शक दिले, दुसरा विषय दिला: ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. तो मी पूर्ण केला. पदवी मिळाली, हिंगोलीला नोकरी मिळाली. मीनल अमेरिकेला गेली.

कडवटपणाचंही एक वय असतं. सुरुवातीला तो रोजचा असतो, मग हंगामी होतो. हिंगोलीत सायबर कॅफे निघाले तेव्हा मी एकदा जाऊन त्या विषयावर काय काय लिहून येतं आहे ते पाहिलं. पुष्कळ लोक आता मेमरीच्या शेजारी गणित बसवत होते, खास कामांसाठी खास वेगवान चिपा बनवत होते. शेजारच्या टेबलावर दोन पोरं मोठ्या आवाजात गाडीच्या शर्यतीचा खेळ खेळत होती. मी अर्ध्या तासात उठले. जग आपल्याविना त्याच वाटेनं पुढं गेलं, याचं दुःख होतं की आनंद, हे ठरवता आलं नाही. वर्गात हा भाग शिकवते तेव्हा पोरांना आवडतो. मी कढईचं उदाहरण देत नाही. खरं तर ते पटकन समजलं असतं, आमच्याकडं प्रत्येकाच्या रानात कढई आहे. पण जीभ वळत नाही.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. इतकी वर्षं मी मीनलला थोडीशी जागा ठेवली होती. मी स्वतःला म्हणायची, माणसं विसरतात. तिच्यासाठी ते पंधरा दिवस म्हणजे एका मैत्रिणीच्या गावची गंमत. हळद, माती, हसणं. मी त्यात बुडाले होते, ती नव्हती. त्या खुर्चीत बसून तिनं आठवायचा प्रयत्न केला असेल आणि खरंच काही हाती लागलं नसेल. हे पूर्ण पटायचं नाही. पण हंगाम आला, वास सुटला, की या एवढ्याशा शक्यतेवर मी तग धरायची. फसवणूक होती, पण तिच्या तळाशी विसरणं होतं. विसरण्याला कोण काय करणार?

यंदा काढणी उशिरा झाली. परवाच्या रविवारी मी खळ्यात होते. शिजवलेली हळद उन्हात पसरली होती, वाळून कडक होत आली होती. माय आणि दादा पलीकडच्या टोकाला वर-खाली करत होते. मोबाइल वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर.

"सुजाता? मी मीनल."

आवाज तोच. पॉलिटेक्निकच्या वेबसाइटवरून नंबर मिळवला, म्हणाली. मग घाईघाईनं सांगायला लागली. सरांनी त्या रचनेचं पेटंट घेतलं होतं, एकट्याच्या नावावर. तिचं नाव कुठंच नव्हतं. तिच्या तिकडच्या नोकरीत त्यावर बरंच अवलंबून होतं. ती आता भांडणार होती.

"त्यांनी फसवलं गं मला," ती म्हणाली. तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

मी पसरलेल्या हळदीतून बाहेर गेलेलं एक हळकुंड पायानं आत सरकवलं.

"तू साक्षीदार आहेस, सुजाता. काम तुझ्या गावी झालं, सरांचा त्यात काही संबंध नव्हता, हे फक्त तुला माहितीये. तू लिहून देशील? तुला आठवतंय ना सगळं? मला तर लख्ख आठवतंय. पंप सुरू झाले की आपण धावायचो. तू हळकुंडं निवडता निवडता एकदम उठलीस, हात न धुता. प्रोसेसरकडे जुनी प्रत राहते म्हणालीस. कागदावर तुझ्या बोटांचे डाग पडले होते. पहिल्यांदा बरोबर उत्तर आलं तो मंगळवार होता, कारण काकूंनी बाजारातून जिलबी आणली होती. आठवतंय?"

जिलबी मी विसरले होते. ती म्हणाली तेव्हा आठवली.

"देईन लिहून," मी म्हणाले. "पण सगळं लिहीन."

"सगळं म्हणजे?"

"रचना कुणाची, खूण कुणी शोधली, तू काय उतरवून घेतलंस. आणि समितीत तू काय सांगितलंस तेही."

तिकडं कुठंतरी दार लावल्याचा आवाज आला.

"त्याची गरज नाहीये गं," ती हळूच म्हणाली. "बघते. कळवते तुला." फोन बंद झाला.

आभाळ कधी भरून आलं ते मला कळलंच नव्हतं. औंढ्याच्या बाजूनं काळं येत होतं, अवकाळी. वाळत आलेली हळद भिजली तर काळी पडते. माय ओरडली, "सुजाता, उभी काहून राहिलीस, पळ!" मी फोन खिशात टाकून पळाले. फावड्यांनी हळद ओढून आम्ही ढीग घालायला लागलो. वाऱ्यानं पाचोळा उडत होता. दादांनी ताडपत्री आणून एक टोक धरलं.

"कोणाचा फोन व्हता एवढा येळ?"

"मीनलचा."

दादांनी माझ्याकडं पाहिलं.

"काय म्हणती?"

"तिला सगळं याद हाय, दादा," मी म्हणाले. "कोणता वार व्हता तेसुद्धा."

दादांच्या हातातलं टोक तसंच राहिलं. वारा ताडपत्रीत शिरून ती फडफडायला लागली. पहिले थेंब तिच्यावर वाजले. त्यांनी दुसरं टोक उचलून माझ्या हातात दिलं.

"घट्ट धर," ते म्हणाले. "वारं लई हाय."